हिरव्या जाळीखाली

उन्हाळ्यात एसी दुरुस्त करणाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. तरी गच्चीतल्या टोमॅटोंनी माना टाकल्या, तेव्हा सुट्टीचा दिवस घालवून त्याने कुंड्यांवर हिरवी जाळी बांधली. खाली वडिलांच्या खोलीतला पंखा कधीचा बंद पडला होता. "उद्या नक्की बघतो, आप्पा," हे मात्र रोजचंच.

आज तो जरा लवकर परतला, तर आप्पांची खोली रिकामी. घाबराघुबरा होऊन तो गच्चीवर धावला. जाळीखाली, कुंड्यांच्या मधोमध, आप्पा खुर्ची टाकून बसले होते.

"तुझ्या टोमॅटोंना म्हटलं, जरा सरकून घ्या रे. खालच्यापेक्षा इथं बरं वाटतं."

आप्पा हसले. त्याने खांद्यावरची हत्यारांची पिशवी हळूच पाठीमागे लपवली.