अंगणातला मोगरा

अनंताने चहाचा कप खाली ठेवला आणि तो अंगणातल्या मोगऱ्याकडे बघत बसला. समोर ऋतिक हात गुडघ्यांवर ठेवून अवघडून बसला होता. मुलगा अनंताच्या लेकीच्या, रेश्माच्या पसंतीचा होता, दोघं शहापूरला एकाच कंपनीत कामाला होती. मुलाबद्दल अनंताची तक्रार नव्हती. आज अनंता त्याचं घर बघायला आला होता.

अनंता टोकावड्याचा, मोगऱ्याची रोपं विकणारा. वाफ्यातून रोपं उपटायची, माती झटकायची, उघडी मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि बाजार गाठायचा, असा त्याचा धंदा. स्वभाव भलता संशयी. घरच्या म्हशीचं दूधसुद्धा तो बोटावर घेऊन बघायचा.

लेकीच्या बाबतीत मात्र त्याचा संशय उगाच नव्हता. त्याची थोरली बहीण इथेच, डोळखांबच्या डोंगरात दिली होती आणि हंडे वाहून वाहून तिची कंबर कामातून गेली होती. तेव्हापासून त्याची एकच अट होती. ज्या अंगणात फुलझाडं, त्याच घरात रेश्माला द्यायची. फुलझाड जगतं, म्हणजे दारात पाणी आहे.

इथे तर ओळीने मोगरा होता. ऋतिकची आई बाईजा म्हणाली की दिवाळीत दारात नळ आलाय, आणि तिने तो सोडूनही दाखवला. पाणी धो धो आलं. पाहुणे येणार म्हणून कुठली तरी टाकी भरून ठेवली असेल, असं अनंताच्या मनात आलं.

"मोगरा कधी लावलात?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

बाईजाने मुलाकडे पाहिलं. "पावसाळ्यात."

पावसाळ्यात लावलेल्या मोगऱ्याला एव्हाना नवी फूट हवी होती. इथे पानं मलूल होती आणि बुडाशी माती भुसभुशीत. अनंता उठला, वाकला आणि त्याने एक रोप धरून ओढलं. ते अलगद वर आलं. मुळाला एकही नवा पांढरा तंतू फुटलेला नव्हता. गोणपाटाचा एक धागा तेवढा चिकटलेला होता.

ऋतिक काही सांगायला पुढे झाला, पण बाईजाने त्याचा हात धरला.

"काल लावलंय हे," अनंता म्हणाला. "झाडाचं खोटं सांगता, मग पाण्याचं तरी खरं कशावरून?"

बाईजाचा चेहरा उतरला. तिने पदर सारखा केला आणि चुकलं आमचं, एवढंच ती म्हणाली.

रोप हातात घेऊनच अनंता निघाला. राग तर आलाच होता, पण त्याहून जास्त समाधान वाटत होतं. पोर थोडक्यात वाचली होती. एसटीची वाट बघता बघता त्याने मध्यस्थ बारकूला फोन लावला, हे स्थळ मोडल्याचं सांगितलं आणि आधी सांगून आलेल्या मुरबाडच्या स्थळाला होकार कळवायला लावला. तो मुलगा वयाने बराच मोठा होता, पण विहीर बारमाही होती. गाडी यायच्या आत बारकूचा उलट फोन आला. तिकडे पेढेही वाटून झाले होते.

घरी रेश्मा दारातच उभी होती. अनंताने तिला सगळं सांगितलं, मुरबाडला शब्द दिल्याचंही सांगितलं आणि रोप पुढे केलं.

"बघ. नुसतं दाखवायला रोवलेलं. असली लबाड माणसं."

रेश्माने रोप हातात घेतलं. मुळाला चिकटलेला गोणपाटाचा धागा तिने बोटाने सोडवला.

"आपल्याच वाफ्यातलं हाय हे, बाबा. काल कामाला दांडी मारून मीच लावून आले. पाणी खरंच हाय तिथं, पण तुमी झाडंच बघणार, माहीत होतं मला. ऋतिकच्या आई नकोच म्हणत होत्या. 'नको गो, हाय तसंच अंगण बघू दे त्यांना.' मीच शपथ घातली, माझं नाव सांगायचं नाय म्हणून."