फाटकातलं लग्न

अगं, आधी ऐक तर, मध्ये बोलू नकोस.

हनेनची वरात निघालेली. पुढं ढोल-सनई, मागं गाड्यांची ही लांब रांग, सगळ्यांचे हॉर्न एकाच तालात. आणि पांढऱ्या गाडीत मागं हनेन, झग्यात अशी रुतलेली की नुसतं नाक दिसतंय. शेजारी मबरूकामावशी. सख्खी मावशी नव्हे हं, फॅक्टरीत दोघींच्या मशिनी शेजारी-शेजारी, जीन्सच्या पँटी शिवतात. गाडी मामा चालवतोय.

फॅक्टरीतल्या झाडून सगळ्या बायका वरातीत होत्या. मॅनेजरनं, सी लुत्फीनं, ‘सी’ म्हणजे तिकडं साहेब, स्वतः सुट्टी दिलेली सगळ्यांना. वर नवरीला भेट म्हणून जाडजूड ब्लँकेट. भर उन्हाळ्यात!

"हा माणूस संडासला जायला सोडत नाही," मावशी म्हणत होती, "याला लग्नाचा पुळका कुठनं आला एकदम?"

तेवढ्यात वरात फॅक्टरीसमोर आली आणि हनेनला दिसलं. फाटक सताड उघडं. आत दोन ट्रक, एक भरून तयार, दुसऱ्यात हमाल मशीन चढवतायत. त्या मशिनीला लाल कापडाचा मासा लटकतोय. दृष्ट लागू नये म्हणून हनेननंच शिवलेला मासा तो.

शेजारच्या गावात असंच तर झालेलं. ईदची सुट्टी संपवून बायका कामावर गेल्या, तर आत नुसत्या भिंती. मालक समुद्रापलीकडं, मशिनी कुठल्या तिसऱ्याच देशात, आणि त्या बायका अजून घरी.

"मामा, गाडी थांबव."

"वेडी झालीस? वरात मध्येच थांबवतात का कधी? अपशकुन असतो! तिकडं नवरा खोळंबलाय."

"नवरा कुठं जात नाही. मशीन चाललीय."

आणि उतरली की गं! दोन्ही हातांनी झगा उचलला नि टाचा खाडखाड वाजवत थेट फाटकाच्या मधोमध. भरलेला ट्रक निघालाच होता, ड्रायव्हरनं असा करकचून ब्रेक मारला!

सी लुत्फी धावत आला. "बेटा, आजच्या दिवशी कशाला हे? निर्णय वरून आलाय. मी तरी काय करू?"

तोवर मावशी धापा टाकत पोचलेली. "वरून? वर अल्लाह असतो, लुत्फी. तो असलं काही बोललेला नाही."

बायका फिदीफिदी हसल्या. लुत्फीचं तोंड लाल. तो ड्रायव्हरवर ओरडला, "बघत काय बसलायस? हॉर्न मार, पुढं घे!"

ड्रायव्हर सफाक्स शहरातला, हा एवढा मिशाळ गडी. त्यानं हनेनकडं पाहिलं, तिच्या मागच्या रांगेकडं पाहिलं. "साहेब, नवरीची वाट कापली असं माझ्या आईला कळलं ना, तर ती मला उंबऱ्यात उभं करणार नाही."

हॉर्न मात्र मारला त्यानं. वरातीच्या तालात!

काय किलकाऱ्या उठल्या बायकांच्या! ढोलवाला तर चेकाळलाच. हनेननं नवऱ्याला फोन लावला. "वजदी, मी नाही येऊ शकत. तुम्हीच या. फॅक्टरीवर."

"लग्नाला?"

"लग्नालाच."

पलीकडं गलका, मग फोनवर सासू. घर रंगवूनबिंगवून, पाहुणे बसवून, जेवणं तयार ठेवून बसलेली बाई ती. मोडलं लग्न, असंच वाटलं हनेनला.

सासू म्हणाली, "कुसकुसचे टोप जड आहेत. चार दणकट माणसं पाठव."

अगं, मग काय! खुर्च्या आल्या, टोप आले, नवरदेव कोट सावरत पिकअपच्या मागच्या हौद्यात उभा राहून आला. बदामाचं सरबत फिरलं. हमालांनी घेतलं. मिशाळ ड्रायव्हरनंही घेतलं.

लुत्फी दोनदा बाजूला जाऊन फोनवर बोलून आला. मालकानं त्याला झापलं असणार, कारण आवाज अगदी पडलेला. "बरं, हे संपणार कधी?"

"लग्न आमच्याकडं सात दिवसांचं," मावशी म्हणाली.

"हल्ली कोण करतं सात दिवस? माझ्या पोरीचं एका संध्याकाळीत उरकलं!"

"आम्ही करतो. आजपासून."

लुत्फीनं ड्रायव्हरपुढं हात पसरला. "चावी दे. मी काढतो गाडी."

ड्रायव्हरनं हातातला पेला वर करून दाखवला. "साहेब, मी सरबत प्यायलोय यांचं. पाहुणा आहे आता. पाहुण्याकडनं चावी मागतात होय?"

मग नवरीसाठी सोनेरी खुर्ची आणली, फुलं-बिलं लावलेली. हनेन म्हणाली, यावर नाही बसणार. कशावर बसणार? तिनं नुसतं बोट केलं. ड्रायव्हर पेला ठेवून ट्रकात चढला आणि हमालांना हाताशी घेऊन माशावाली मशीन त्यानं स्वतः खाली उतरवली. फाटकाच्या मधोमध मांडली. मागं हनेनचं रोजचं स्टूल.

आणि तिथं बसली गं ती. झगा चारी बाजूंनी सांडलेला, शेजारी वजदी उभा, सनई नुसती बेभान. आणि हनेनचा एक पाय, सवयीनं, मशिनीच्या पायडलवर.

आता खरं सांग. तू असतीस, एवढं नटूनथटून तो झगा घातलेला, तिकडं सासू वाट बघतेय, तर उतरली असतीस गाडीतनं?