हुशार पोरं कुठं बसतात?

“हुशार पोरांचा वर्ग कुठला म्हणायचा?” अनितानं विचारलं.

वरसे गावातली ती शाळा त्या दिवशी नव्या पालकांना बघण्यासाठी खुली होती. मुख्याध्यापिका प्रधान मॅडम स्वतः एकेका कुटुंबाला फिरवून आणत होत्या. अनिताच्या एका बाजूला प्रणित, दुसऱ्या बाजूला दिपिका. जुळी भावंडं, चौथी संपत आलेली.

“तसा वर्ग नाही आमच्याकडे,” प्रधान मॅडम म्हणाल्या. “सगळे एकत्रच बसतात.”

“मग निवडता कसं?”

“निवडतच नाही. येईल त्याला घेतो.”

अनितानं मान डोलावली, पण तिला ते पटलं नव्हतं. पेणच्या शाळेनं दोघांची परीक्षा घेतली होती. आईबापांना फाटकाबाहेर उन्हात उभं केलं होतं. आणि शेवटी दिपिकाला घेतलं, प्रणितला नको म्हटलं. आता दिपिका जूनपासून पेणला मामाकडे राहणार होती. गावात पेढे वाटून झाले होते. पुडा घेऊन घरोघर प्रणितच फिरला होता.

राहिला प्रणित. त्याच्यासाठी ती इथं आली होती. ज्या शाळेला कुणीही चालतं, ती शाळा असते तरी कशी, हे तिला बघायचं होतं.

सातवीची पोरं घोळके करून जमिनीवर बसली होती. मधे वायरी, सेल, बारके बल्ब. अनिता दाराशी थांबून एकेकाचं तोंड न्याहाळायला लागली. हुशार कोण आणि ढ कोण, ते बघितलं की कळतं, असं तिचं मत होतं. एक चष्मेवाला हातवारे करून सगळ्यांना समजावत होता. तो हुशार. त्याच्या शेजारची मुलगी खाली मान घालून वायरचं टोक दातानं सोलत होती. ती मागं पडलेली असणार.

बल्ब काही पेटेना. चष्मेवाला गप्प झाला आणि सगळे त्या मुलीच्या तोंडाकडे बघायला लागले. तिनंही वायर इकडून तिकडे लावून बघितली. जमलं नाही, तशी ती हसली आणि म्हणाली, “चला, परत पहिल्यापासून.”

अनिताला आता हुशार कोण, ढ कोण ते कळेना. ती मॅडमकडे वळली.

“मॅडम, खरं सांगा. माझ्या पोराला वाचायला लय वेळ लागतो. हितं सुधारंल का?”

प्रधान मॅडम म्हणाल्या, “आठवीत येऊनही अडखळत वाचणारी मुलं आहेत माझ्याकडे. त्यांना वेगळं बसवून वाचून घेतो. काही सुधारतात, काहींना वेळ लागतो. सगळे पहिले येतील, असं मी तुम्हाला सांगणार नाही.”

“मग काय सांगाल?”

“घरी पाठवणार नाही, एवढं सांगते.”

तेवढ्यात वायर सोलणाऱ्या मुलीनं दाराकडे बघितलं. “ए, हे धर ना जरा,” ती प्रणितला म्हणाली. नाव विचारलं नाही, कितवीत तेही विचारलं नाही. प्रणितनं एकदा आईकडे बघितलं आणि तो घोळक्यात जाऊन बसला. वायरची टोकं चिमटीत धरून तो श्वास रोखून वाट बघायला लागला.

“एक सेल उलटा बसलाय,” दिपिका दारातूनच म्हणाली.

चष्मेवाल्यानं सेल फिरवला. बल्ब पेटला. पोरांनी एकच गिल्ला केला.

“ये की तू पण!” ती मुलगी ओरडली.

दिपिका जागची हलली नाही. “मी हितली नाय. मला पेणला निवडलंय.”

“भारी!” चष्मेवाला म्हणाला आणि त्यानं परत सेलमध्ये डोकं घातलं.

मॅडम व्हरांड्यातून पुढं निघाल्या. प्रणित उठायला तयार नव्हता, म्हणून त्याला तिथंच राहू दिलं. थोडं चालल्यावर दिपिकानं विचारलं, “मॅडम, पेणला दर वर्षी परत निवडतात का?”

“म्हणजे गं?”

“म्हणजे आता घेतलं. मग पुढं नाय जमलं, तर काढून टाकतात?”

अनिता गर्रकन वळली. “काय गो इचारतेस ह्ये? तू हुशार हायस. तुला कोण काढंल?”

“प्रणितला पण तू हुशारच म्हणायचीस,” दिपिका म्हणाली. “परीक्षेच्या आधी.”

अनितानं मॅडमकडे बघितलं.

“मला नाही माहीत, बाळा,” प्रधान मॅडम म्हणाल्या. “ते त्यांनाच विचारायला हवं.” फाटकातून दुसरं कुटुंब आत येत होतं. जरा थांबून, दिपिकाच्या पाठीवर हात ठेवून त्या तिकडे गेल्या.

फोन वाजला. अनिताचा नवरा हर्षद कंपनीत पहिल्या शिफ्टला होता. जेवणाच्या सुट्टीत त्यानं फोन केला होता.

“कशी हाय गो शाळा? घेतात त्याला?”

“घेतात.”

“मग ठरलं तर.”

अनितानं मागं वळून बघितलं. दिपिका कधीच वर्गाच्या दाराशी परत गेली होती. दोन्ही हातांनी चौकट धरून ती आत वाकली होती. पाय तेवढे बाहेर होते.

“प्रणितचं ठरलं,” अनिता म्हणाली. “तुमी घरी या. दिपिकाचं बोलायचं हाय.”