ळची पोटं

“छान दिसतंय!” बाबा समोरच्या फुटपाथवरून ओरडले.

पहिल्या मजल्याच्या खिडकीत मुलगी कागद दोन्ही हातांनी ताणून उभी होती. “छान आहे का ते नाही विचारलं. काय लिहिलंय ते वाचा!”

कागदावर दोनच अक्षरं होती. जाड, काळी. वरची रेघ आडवी, खालची अक्षरं मात्र तिरकी, पुढे झेपावलेली. धावण्याच्या एका क्लबसाठी तिनं ती नव्यानं घडवली होती. टी-शर्टवर, बॅनरवर, पाण्याच्या बाटल्यांवर तीच जाणार होती. चार वाजता क्लबच्या प्रशिक्षक बाई येणार होत्या. त्यांना पटलं, तर सगळी बाराखडी करायचं काम तिला मिळणार होतं. नोकरी सोडल्यापासून एवढं मोठं काम दारात आलं नव्हतं.

लांबून वाचून सांगायचं काम आईचं होतं. “हे काय कोंबडीनं काढलंय का गं?” असं ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायची. ती गेल्यापासून बाबा उभे राहत. त्यांना आजवर सगळंच छान दिसलं होतं.

बाबांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. घसा खाकरला.

“पड,” ते हळूच म्हणाले.

“काय? ऐकू येत नाही!”

“पड! पड लिहिलंय!”

खालच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. “कोण पडलं?”

मुलीनं कागद आपल्याकडे वळवला, हात लांब करून पाहिला आणि खिडकी लावून घेतली.

आपण गप्प बसायला हवं होतं, असं बाबांना वाटलं. ते जिना चढून वर गेले. ती संगणकासमोर बसली होती.

“पळ लिहिलंय मी. आणि लोक छातीवर ‘पड’ लिहून धावणार,” ती म्हणाली. “जाड करायच्या नादात ळची दोन्ही पोटं बुजली. लांबून ड दिसतो.”

“मलाच नीट दिसलं नसेल. माझ्या डोळ्यांचं काय घेऊन बसलीस?”

“बाबा, आता माघार घेऊ नका.”

ते दाराशीच उभे राहिले. तिनं जाडी कमी केली नाही, बाईंना अक्षर दणकटच हवं होतं. ळ थोडा रुंद केला, पोटं मोकळी केली, मग पुन्हा थोडी मोकळी केली. कागद छापून झाला तेव्हा चार वाजत आले होते.

“जा खाली.”

“परत?”

“आई तीन-तीनदा जायची.”

बाबा मुकाट्यानं उतरले. रस्ता ओलांडून आपल्या जागी उभे राहिले. कोपऱ्यावर बस सुटायच्या बेतात होती. खांद्याला पिशवी अडकवलेले एक गृहस्थ फोनवर बोलत रमतगमत तिकडेच निघाले होते. बाबांचं लक्ष खिडकीकडे होतं. या वेळी त्यांनी घाई केली नाही. आधी चष्मा लावून पाहिलं, मग काढून पाहिलं.

“पळ!” ते जीव खाऊन ओरडले.

गृहस्थ दचकले. त्यांनी समोर पाहिलं, फोन खिशात कोंबला आणि पिशवी सावरत धूम ठोकली. बस हललीच होती. त्यांनी दांडी पकडली, आत चढले आणि दारातूनच बाबांना हात केला.

बाबांनीही हात वर केला.

“नक्की ना?” मुलगी खिडकीतून अर्धी बाहेर वाकली होती. “माझं मन राखायला म्हणत नाही ना?”

बस वळणावर दिसेनाशी होत होती. बाबांनी बसकडे बोट दाखवलं.

“माझ्यावर विश्वास नसेल, तर त्यांना विचार!”