विझलेल्या ठिपक्याचे गाऱ्हाणे

पेडण्याजवळच्या रवळनाथाच्या मंडपात निवृत्त सैनिक गोकुळदास गावाचे गाऱ्हाणे घालण्यास, म्हणजे सर्वांच्या वतीने देवाकडे मागणे मागण्यास, नारळ घेऊन उभे राहिले, तोच सीमेवरून मुलाचा फोन आला. छावणीतील त्याच्या पडद्यावर गस्तीतला प्रत्येक जवान उपग्रहाच्या साहाय्याने ठिपका होऊन दिसे. हिमवादळात त्यांतला एक विझला होता. “बाबा, ताच्यासाठीय मागा.” “खंय आसा तो?” “ताच तर कळना!” गोकुळदासांच्या तरुणपणी असे यंत्र नव्हते; त्यांची पत्रे थांबली, की वडील याच मंडपातल्या समईपुढे उभे राहून जे मागत, ते आई त्यांना सुट्टीत ऐकवी. लेकासाठीचे तेच शब्द आज त्या अनोळखी जवानासाठी ओठांवर आले. फोन चालू ठेवूनच त्यांनी नारळ उंचावला. “म्हाराजा, आमचो झील बर्फात वाट चुकलो. जंय आसा थंय ताका सांभाळ!” “व्हय म्हाराजा!” मंडप गर्जला. मागोमाग फोनमधून, हिमशिखरांवरून, छावणीतल्या परप्रांतीय जवानांचा अडखळता प्रतिसाद आला, “व्हय म्हाराजा!”