भुवयांचा डबा

"डबा नीट खाली ओढ, आई. आणि गॉगल लाव," केन म्हणाला.

नोरीनने आइस्क्रीमचा रिकामा डबा कपाळावर ओढून घेतला. डब्याच्या मागच्या बाजूला नातीने, केनच्या टालियाने, दोन मोठे डोळे काढले होते आणि त्यांच्यावर जाड भुवया. इकडे वसंत सप्टेंबरात येतो; तेव्हा मॅगपाय, कावळ्याएवढे काळे-पांढरे पक्षी, घरटी करतात आणि पाठमोऱ्या माणसाच्या डोक्यावर झेप घेतात. मागे डोळे दिसले की पक्षी बिचकतो, म्हणून सप्टेंबर उजाडला की निम्मं गाव डब्यात डोकं घालून फिरतं. भुवया मात्र नोरीनच्या घरच्या ह्या एकाच डब्याला होत्या, आणि सगळा घोळ त्यांनीच केला होता.

शेजारच्या रडॉकने तक्रार दिली होती. गेल्या वसंतात, संध्याकाळी, मैदानाच्या कोपऱ्यातल्या निलगिरीखाली हाच डबा आणि केनचं कामावरचं नारिंगी जाकीट घातलेला माणूस लांब काठीने मॅगपायचं घरटं पाडताना त्याने पाहिला होता. पिल्लं मेली होती. हे सगळं त्याला वर्षभराने आठवलं, कुंपणावरून केनशी भांडण झालं त्याच आठवड्यात. रडॉकची स्मरणशक्ती अशी सोयीची होती.

पण लोकांना ते पटलं. घरटं पडलं त्याच्या आदल्या दिवशीच मॅगपायने सायकलवरच्या टालियाच्या डाव्या डोळ्यात चोच मारली होती. डोळा वाचला, नजर अर्धीच राहिली. आणि केनचा हात कसा चालतो, हे गावाला माहीत होतं. पबमध्ये एकाचा जबडा मोडून तो आत गेला होता. आता पॅरोलवर होता आणि दर मंगळवारी राग आवरायच्या वर्गाला जात होता. संरक्षित पक्षी मारल्याची केस लागली की सरळ परत आत. टालियाची आई तर कधीच सोडून गेली होती.

"केनने नाही केलं ते," नोरीन गेला आठवडाभर भेटेल त्याला सांगत होती. "मला माहितीये ना."

"प्रत्येक आईला माहीतच असतं," लोक म्हणायचे आणि तिच्या हातचा केक घ्यायचे. चर्चच्या प्रत्येक कार्यक्रमाला केक तिचाच असायचा. तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

वन्यजीव खात्याच्या टूमीबाई तक्रारीच्या चौकशीसाठी मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. रडॉक आधीच येऊन बसला होता, घडीची खुर्ची घेऊन.

"आज सिनेमा आहे वाटतं," केन म्हणाला.

"तिकीट काढलंय मी," रडॉक म्हणाला.

केन खुर्चीला वळसा घालून पुढे गेला. दोन वर्षांपूर्वी त्याने ती खुर्ची रडॉकसकट उलटी केली असती. नोरीनला लेकाचा अभिमान वाटला आणि तेवढीच भीतीही.

"आपण काय करतोय ते सांगते," टूमीबाई म्हणाल्या. "मॅगपाय चेहरा ओळखतो. वर्षानुवर्षं विसरत नाही. एरवी तो भितो म्हणून अंगावर येतो, आणि मागून येतो. पण ज्याने त्याचं घर मोडलं, त्याच्यावर तो समोरून येतो. तोंडावर. मी दोनदा पाहिलंय. केन, घरटं तू पाडलंस?"

"नाही."

"मग कुणी?"

केनने खाली गवताकडे पाहिलं. "मला काय माहीत?"

"टोपी काढ आणि जा झाडाखाली."

केन बोडक्या डोक्याने निघाला. नर मॅगपाय खालच्या फांदीवर होता. केन झाडाखाली जाऊन उभा राहिला, मान वर करून. पक्ष्याने त्याला पाहिलं, मान वाकडी केली, मग खाली उतरून त्याच्या बुटाशेजारी किडे टिपू लागला.

नोरीनने श्वास सोडला.

"ह्याला काय अर्थ आहे?" रडॉक म्हणाला. "यंदा तो कुणाच्याच अंगावर येत नाहीये. माणसाळलाय. उद्या माझ्या कुत्र्यालाही निर्दोष सोडाल."

टूमीबाईंनी किडे टिपणाऱ्या पक्ष्याकडे पाहिलं.

"ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आला असता तर पुरावा झाला असता. आला नाही, म्हणजे काहीच नाही. डबा आहे, जाकीट आहे, साक्षीदार आहे. मला हे पुढे पाठवावं लागेल, नोरीन. सॉरी."

"आणि पॅरोल?"

"तो आजच थांबेल. निर्णय होईपर्यंत त्याला आत राहावं लागेल."

केन परत येत होता. काय झालं ते त्याने त्यांच्या तोंडांवरूनच ओळखलं. तो रडॉककडे वळला नाही. आईजवळ येऊन एवढंच म्हणाला, "टालियाला शाळेतून तूच आण. मागच्या गल्लीने जा, नेहमीसारखी. मी बघतो माझं."

"तू काय बघणार?" नोरीन म्हणाली. "पुरे झालं आता, केन."

तिने गॉगल काढून खिशात टाकला. मग डबा काढून गवतावर ठेवला. तिचे पांढरे केस घामाने चिकटले होते.

"आई, नको."

"बाजूला हो."

"आई, मी जातो ना आत. मला सवय आहे."

"मला नाही," नोरीन म्हणाली आणि चालू लागली.

टूमीबाईंनी केनचा दंड धरला. रडॉक खुर्चीतून उठला. मैदानाच्या मध्यावर नोरीन थांबली आणि झाडाकडे तोंड करून उभी राहिली.

मॅगपायने किडे टिपायचे थांबवले आणि मान वर केली.

तो समोरून आला.