पहिला बुक्का

माझे बाबा पनवेलजवळच्या आमच्या गावचे भजनीबुवा. दोन वर्षांपासून त्यांना माणसं आठवत नाहीत. मलासुद्धा ते फक्त मृदंगवाला म्हणून ओळखतात. अभंगाचा मात्र एक शब्द चुकत नाही.

आईच्या बाराव्याला भजनी मंडळ आमच्याच ओटीवर बसलं. बाबांना पेटीपुढे बसवलं आणि ते असे गायले, की टाळकरी उपरण्याने डोळे पुसत होते. माझा ठेका दोनदा चुकला. बाबांनी तो बरोबर पकडला आणि माझ्याकडे रागाने पाहिलं.

भजन संपल्यावर त्यांनी बुक्क्याची डबी मागितली. माणूस गेलेल्या घरी भजन असलं, की त्या घरातल्या सगळ्यात दुःखी माणसाच्या कपाळी पहिला बुक्का ते स्वतः लावत. चाळीस वर्षं त्यांनी ही रीत मोडली नव्हती.

बोटावर बुक्का घेऊन त्यांनी सगळ्या ओटीवर नजर फिरवली. मग माझ्या कानाशी वाकले.



"गेली तिचा नवरा कुठं हाय? एकटाच रडत बसला असंल कुठंतरी. त्याला पयला घेऊन ये."